काकूच्या कार्डावरचा भात

कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानात काय काय मिळतं हे मला साठी उलटल्यावर कळलं, आणि तेही जावेवर जळून. ज्ञान मिळवण्याची ही वाट काही फार उदात्त नाही, पण माझ्या वाट्याला हीच आली. तोवर कंट्रोल म्हणजे आमच्या पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या तोंडाशी असलेलं एक शटर, त्यापुढे रिकाम्या पिशव्यांवर बसलेल्या बाया, आणि आपण स्कूटीवरून जाताना तिकडे न बघता पुढे जायचं, एवढंच मला ठाऊक होतं. कार्ड आमच्याकडेही होतं. सरकारच्या लेखी आम्ही 'सामान्य'. ते सामान्य कार्ड माझ्या लग्नाच्या शालूखाली, पत्त्याचा पुरावा म्हणून जपून ठेवलेलं. त्यावर तांदूळ मिळतो आणि तो खाण्यासाठी असतो, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

जावेचं कार्ड गुलाबी, अंत्योदयचं. ती माझी धाकटी जाऊ. दीर भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये ट्रक चालवायचे. एकदा माल घेऊन ओडिशाकडे गेले ते परत आलेच नाहीत, घाटात अपघात झाला. मुलगा बीरगांवला कारखान्यात लागला आणि पाळीच्या सोयीसाठी बायकोला घेऊन तिकडेच राहायला गेला. त्यामुळे भिंतीच्या पलीकडे ती एकटी आणि अलीकडे मी नि हे. भिंत दोघा भावांनी वेगळे होताना घातलेली. पण ती एवढी पातळ की फोडणी इकडे पडावी आणि ठसका तिकडे लागावा. शिवाय मागच्या नळापाशी एक दार राहून गेलं होतं. ते लावायचं राहिलं ते राहिलंच.

त्या दाराने माझी लेक मोठी झाली, असं म्हटलं तरी चालेल.

मी अभनपूरच्या सरकारी शाळेत शिक्षिका होते. सकाळची बस पकडायची, संध्याकाळी अंग मोडून घरी यायचं. लेकीसाठी मी डबा भरून ठेवायची. पोळी, भाजी, वरण, दुबराजचा भात. दुबराज म्हणजे आमच्याकडचा वासाचा तांदूळ, शिजायला लागला की शेजारच्याला कळावं असा. मी तो माझ्या पगारातून आणायची आणि मला त्याचा तोरा होता. संध्याकाळी घरी येऊन डबा उघडावा तर सगळं जसंच्या तसं. दुबराज गारठून घट्ट झालेला. "काकी के यहाँ खा लिया," असं लेक तोंड पुसत सांगायची. काय जेवलीस? भात. कशाशी? मिठाशी. कधी लोणच्याचा खार, कधी वर एखादी तळलेली बिजौरी, म्हणजे उडदाची वाळवलेली वडी. तो जाडाभरडा, करड्या छटेचा, कंट्रोलचा भात खाऊन माझी मुलगी ढेकर द्यायची आणि माझा सुगंधी तांदूळ मी रात्री फोडणीला टाकायची.

शेजारच्या वाटीतली कढी नेहमी घट्टच, असं माझी आई म्हणायची. दुसऱ्याच्या घरचं मुलांना गोड लागतंच, दहावीनंतर सुटेल, असं मी मनाला समजावलं. दहावी झाली, बारावी झाली, इंजिनियरिंग झालं. नाही सुटलं.

आणखी एक गोष्ट मला त्याहून जास्त खुपायची. माझ्याशी ती हिंदीत बोलते. चूक म्हणाल तर माझीच. शाळेत मागे पडू नये म्हणून मीच घरात हिंदी सुरू केली, रायपुरातल्या आमच्या बहुतेक मराठी घरांत तेच झालंय. पुढे मी मराठीवर परत आले, ती आली नाही. मी मराठीत विचारायचं, तिने हिंदीत उत्तर द्यायचं. पण मागच्या दाराची चौकट ओलांडली की त्याच पोरीच्या तोंडून मराठी वाहायची, तीही जावेची वऱ्हाडी वळणाची. "काकू, काय करून राहिली व?" मी नळापाशी भांडी विसळत ऐकायची. जिला मी जन्म दिला तिची मराठी मला भिंतीपलीकडून ऐकावी लागत होती. जळायला माणसाला आणखी काय लागतं!

लेकीचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. मी मनातून जराशी सुखावले, हे सांगायला हरकत नाही. आता ती माझ्यापासून जितकी लांब, तितकीच जावेपासूनही लांब. न्याय झाला. फोन मात्र माझ्याकडे आला की दोन मिनिटांत संपायचा आणि शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "मम्मी, काकी को देना ज़रा." मग मी फोन घेऊन मागच्या दाराने जायची आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत तिथे ताटकळत उभी राहायची.

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ती आली तेव्हा रायपूर तापायला लागलं होतं. कूलरमध्ये पाणी भरता भरता जीव मेटाकुटीला यायचा. मी महिनाभर आधीपासून तयारीला लागले होते. फळं, सुका मेवा, घरचं तूप, मुगाचं, तुरीचं, मसुरीचं वरण, आणि अर्थात दुबराज. या वेळी मी निवृत्त होते. अभनपूरची बस नव्हती. आता तिला दुपारी गरम गरम वाढायला मी घरात होते, आणि इतक्या वर्षांचं उट्टं मला काढायचं होतं.

पण पोरगी जेवेना. सातव्या महिन्यातही तिच्या मळमळीचा जोर ओसरला नव्हता. वरणाचा वास आला की तोंडाला रुमाल. तुपाचं नाव काढलं की उठून मोरीत. मी ताट वाढून समोर बसायची. ती दोन घास चिवडायची, मान वर करून माझ्याकडे बघायची आणि अगदी गोड आवाजात म्हणायची, "अच्छा बना है मम्मी, बस मन नहीं है।" आणि ताट हळूच बाजूला सरकवायची. रागावली असती, आदळआपट केली असती तर मला भांडता तरी आलं असतं. पाहुणीने द्यावा तसा नकार ती मला द्यायची.

डॉक्टरबाईंनी तपासलं, रिपोर्ट पाहिले आणि चष्म्यावरून माझ्याकडेच बघितलं. "माताजी, खून कम है। वजन भी नहीं बढ़ रहा, बच्चे का भी नहीं। ऐसे ही चला तो भरती करके ड्रिप लगानी पड़ेगी।" लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्याही पोटात ठरेनात. पाय सुजले होते म्हणून मिठाला हात जरा आखडता ठेवा, असंही बजावलं. रिक्षात बसून घरी येताना लेक माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तिचं डोकं मला हलकं लागलं, आणि मला भीती वाटायला लागली. आता माझा हट्ट नुसता हट्ट राहिला नव्हता. तिच्या पोटात अन्न जायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जराशी आडवी झाले. उठून बघते तर लेक खाटेवर नाही. मागच्या दारातून पलीकडे डोकावले. जावेच्या पायरीवर, सावलीत, पाय पसरून माझी लेक बसलेली. मांडीवर पितळी, पितळीत वाफाळता जाडा भात. बाजूच्या वाटीत भाताची पेज, तिला जाऊ छत्तीसगढींसारखं पसिया म्हणते. वरून मीठ भुरभुरलेलं. पोरगी बोटं चाटत होती. जाऊ समोर उकिडवी बसून सुपात काहीतरी पाखडत होती आणि दोघी कसल्यातरी फालतू गोष्टीवर हसत होत्या.

मला आनंद व्हायला हवा होता. पोरगी जेवत होती. झाला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी पुढे होऊन जावेला सरळ बोलले. "तिला डॉक्टरांनी पौष्टिक खायला सांगितलंय. तू नुसता भात-मीठ घालतेस. तो कंट्रोलचा भात, काय सत्त्व त्यात?"

जाऊ शांतपणे म्हणाली, "ताई, पोट्टी म्हणे भूक लागली. मंग काय मी तिले उपाशी ठेवू?"

लेक माझ्याकडे न बघता पसिया पीत राहिली. मी तिला घरी घेऊन आले आणि बजावलं, आता दुपारचं जेवण इथेच. दोन दिवस ती इथेच जेवली, म्हणजे जेवली नाही. "अच्छा बना है मम्मी," आणि ताट बाजूला. तिसऱ्या दिवशी यांनी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, "तुझी आणि तिची काय लढाई असेल ती नंतर लढ. पोरगी अर्धी झालीये." दुपारी लेक मागच्या दाराने गेली तेव्हा मी तिला पाहिलंच नाही असं दाखवलं.

पण हार मानणारी मी नव्हे. ठरवलं, भातच हवा ना, आणि तोही कंट्रोलचाच? मग तो माझ्या चुलीवर शिजेल. शालूखालून कार्ड काढलं.

छत्तीसगढात कार्ड घरातल्या मोठ्या बाईच्या नावावर असतं. आमच्या कार्डावर सगळ्यात वर माझं नाव, माझा तरुणपणीचा फोटो. इतकी वर्षं मी त्या दुकानाची मालकीण असल्यासारखी कपाटात पडून होते, आणि मला पत्ता नव्हता. पिशवी घेऊन रांगेत उभी राहिले. पाऱ्यातल्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. एक जण म्हणाली, "मैडम, आप इहां?" दुसरीने मला बसायला पायरीवर जागा करून दिली, जसं काही मी तपासणीला आलेय. दुकानाच्या दारावर सरकारी पाटी होती. तांदळात लोह आणि जीवनसत्त्वं घातलेले दाणे मिसळलेले आहेत, घाबरू नका, असं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मी ती वाचली आणि विश्वास ठेवला नाही. सरकार काय, काहीही लिहितं. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर कधीच व्हिडिओ येऊन गेला होता की कंट्रोलच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे असतात. त्यात एक माणूस ते काडेपेटीने पेटवून दाखवत होता. पाटीवर छापून काय कुणीही देईल, तो बिचारा तर प्रत्यक्ष पेटवून दाखवत होता.

माझी पाळी आली. मशीनवर अंगठा ठेवला. उमटेना. जन्मभर खडू धरून बोटांच्या रेषा पार गेलेल्या. दुकानदाराने फडक्याने अंगठा पुसायला लावला, दुसरं बोट लावलं, मग एकदाचा मोबाईलवर नंबर आला आणि मशीनला मी मी असल्याचं पटलं.

"भैया, क्या क्या मिलेगा?" मी विचारलं.

"सामान्य में चावल, मैडम।"

"बस? और नमक? शक्कर?"

"वो अंत्योदय और प्राथमिकता वालों का है। आपका चावल ही है।"

"चना? गुड़?"

रांगेतल्या बाया हसल्या. दुकानदारही हसला. "वो इधर नहीं मिलता, मैडम। चना आदिवासी ब्लॉक में, गुड़ बस्तर में। दाल-तेल कहीं नहीं।"

माझ्यापुढची बाई आपल्या पिशवीत मिठाचं पाकीट ठेवत होती. जावेच्या ओट्यावर असतं तेच पाकीट. मी त्याच्याकडे बघत राहिले. घरी बरणीभर मीठ असलेली, पेन्शन घेणारी बाई फुकटच्या मिठाच्या पाकिटावर जळतेय, हे मला त्याच क्षणी दिसत होतं आणि तरीही जळणं थांबत नव्हतं. तिचं नवं पाकीट माझ्या बरणीतल्या मिठापेक्षा खारट असणार होतं का? नव्हतं. पण ते जावेला मिळतं आणि मला मिळत नाही, एवढं मला पुरेसं होतं.

घरी आल्यावर मी परातीत तांदूळ पसरला आणि निवडायला बसले. जाऊ काही एवढं निवडत नाही, हे मला ठाऊक होतं. दोन वेळा पाखडलं की तिचं झालं. मी खडे काढले, किडके काढले, आणि मग त्या दाण्यांच्या मागे लागले. शेकड्यात एखादा दाणा वेगळा दिसतो. जरा पिवळसर, जरा जास्तच एकसारखा, साच्यातून काढल्यासारखा. हेच ते प्लास्टिक! चष्मा लावून, खिडकीच्या उजेडात, एकेक वेचून काढला. मान अवघडली. माझी लेक, माझं नातवंड, त्यांच्या पोटात असलं काही जाऊ द्यायचं नाही. जावेचं काय, ती आंधळेपणाने शिजवून घालते. मी आई आहे. वेचलेले दाणे कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले आणि वर तांदूळ चार पाण्यांनी धुतला. काही दाणे पाण्यावर तरंगले, तेही काढले. मग कुकर लावला, वरून हलकं तूप सोडलं, आणि चिनी मातीच्या बशीत वाढलं.

लेकीने एक घास घेतला. चावला. मी तिच्या तोंडाकडे टक लावून होते. ती माझ्याकडे बघून हसली.

"अच्छा बना है, मम्मी।"

आणि बशी बाजूला सरकली.

त्या दिवशी मी मागच्या दाराला कडी घालायचा विचार केला होता. खरंच केला होता. हातही नेला. पण गंजून कडीच उरली नव्हती.

नंतर लेक रोज दुपारी तिकडे जेवू लागली. मी तिला आणायला जायची नाही. भिंतीला कान लावायची मात्र सवय लागली. जाऊ तिला काय विचारते, ती काय सांगते. कधी पुण्याच्या सासूची गोष्ट, कधी बाळाचं नाव काय ठेवायचं ते. माझ्यापर्यंत त्यातलं काही यायचं नाही. मला कळायचं ते भिंतीतून कळायचं. पुढच्या तपासणीत वजन जरा वाढलेलं निघालं. डॉक्टरबाई खूश. "देखा माताजी, आपकी मेहनत रंग लाई," म्हणाल्या. मी मान डोलावली. खरं सांगायला माझी जीभ काही वळली नाही.

नात आता पुण्यात रांगते आहे. सगळं सुखरूप पार पडलं. पण त्या उन्हाळ्यातली एक दुपार मला अजून जाता जाता बोचते.

आदल्या दिवसापासून जावेला ताप होता. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागली असावी. दुपारी तिचा क्षीण आवाज भिंतीपलीकडून आला, "ताई, ओ ताई." मी मागच्या दाराने गेले. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली होती, डोक्याला ओलं फडकं. लेक पुढच्या खोलीत पंख्याखाली झोपली होती. मधे पडदा.

"मले उठवत नाई, ताई," जाऊ हळू आवाजात म्हणाली. "पोट्टीची जेवाची वेळ झाली. तुम्हीच टाका भात."

मी डबा उघडला. तिचा तांदूळ ताटात घेतला आणि सवयीने दाणे वेचायला लागले.

"काहून निवडून राहिल्या?"

"प्लास्टिक असतं यात," मी म्हटलं.

तापातही तिला हसू फुटलं. "मीबी पहिले निवडत होती. चिमण्यांले टाकत होती. मंग मितानिन आली, बोलली, काकी, ये तो लोहा वाला दाना है, जिसको खून कम है उसी के लिए है।"

मितानिन म्हणजे पाऱ्यातली आरोग्यसेविका. दुकानाच्या दारावरची पाटी माझ्या डोळ्यांपुढे आली. लोह. मोठी अक्षरं. घाबरू नका. कागदात गुंडाळून मी कचऱ्यात काय टाकलं होतं ते मला कळलं, आणि मी हातातले दाणे ताटात परत टाकले. जावेला त्यातलं काही सांगितलं नाही. तिला ते सुख मी का द्यावं?

तिच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी उकळलं. तिने बसल्या जागेवरून सांगितलं तसं केलं. एकदाच धुवा. पाणी भरपूर. झाकण अर्धं. शीत दाबून बघा. आता पसिया काढा, फेकू नका. कुकर नाही, तूप नाही. गंजातून वाफ आली आणि तिला तोच वास होता, जो कितीतरी संध्याकाळी माझ्या पोरीच्या फ्रॉकला यायचा. मी पितळीत भात काढला. ओट्यावर तिचं मिठाचं पाकीट होतं, तेच कंट्रोलचं. मी चिमूट घेतली. घालताना लेकीचे सुजलेले पाय आठवले आणि डॉक्टरबाईंचं बोलणंही. अर्धी चिमूट परत पाकिटात टाकली.

मी पितळी उचलून पडद्याकडे वळले तसा जावेने माझ्या लुगड्याचा सोगा धरला. "द्या, मी नेतो," म्हणाली आणि भिंतीला धरून उठली. मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिले सांगू नोका, ताई. जेवू द्या पोट्टीले."

मला समजलं तिला काय म्हणायचं होतं. माझा हात लागलाय हे कळलं की पोरगी पुन्हा गोड हसून ताट सरकवेल. जावेला ते माहीत होतं. म्हणजे इतके दिवस तिला सगळंच माहीत होतं. त्या क्षणी ती पितळी तिच्या हातून हिसकावून घ्यावी असं मला वाटलं. पण पडद्यापलीकडे पोरगी उपाशी होती. मी पितळी तिच्या हातात दिली.

जाऊ तिला उठवून, पितळी ठेवून परत उंबऱ्यापाशी येऊन बसली. मी ओट्यापाशी उभी राहिले, श्वास धरून. पितळीत बोटं फिरल्याचा आवाज आला. एक घास. दुसरा. मग भुरका, पसियाचा. मग पुन्हा घास. ती जेवत होती. माझ्या हातचं, मी शिजवलेलं, भराभर, पोटभर जेवत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी पदराने तोंड दाबलं.

तेवढ्यात पडद्यापलीकडून तिचा मोकळा, भांडखोर, लाडात आलेला आवाज आला.

"काकूऽ! आज मीठ कमी टाकलं व! कायले कंजूसी करून राहिली?"

जावेने एकदा माझ्याकडे पाहिलं. "हव व बाई," ती ओरडली, "चुकलं माझं. उद्या बरोबर घालीन."

मी हातात मिठाचं पाकीट धरून उभी होते. आयुष्यात ती मला कधी मीठ कमी म्हणाली नव्हती, तिखट जास्त म्हणाली नव्हती, करपलं म्हणाली नव्हती. माझ्या प्रत्येक ताटाला तिने 'अच्छा बना है' म्हटलं होतं. आज पहिल्यांदा तिने माझ्या हातच्या अन्नाला नावं ठेवली, आणि ती बोलणी उंबऱ्यात बसून, तापाने फणफणत, माझी जाऊ खात होती. भात तिच्या कार्डावरचा होता, मीठ तिच्या कार्डावरचं होतं, ते मी सोडून दिलं असतं. पण ती बोलणी माझी होती.